रोझी सिस्टरच्या हातचं पाणी

सिस्टर हा शब्द आमच्या नगरकडं इतका वापरून झालाय, की तो इंग्रजी आहे असं सांगितलं तर खेड्यातली म्हातारी तुम्हालाच वेड्यात काढील. दवाखान्यातली नर्स म्हणजे सिस्टर. मग ती विशीतली पोर असो नाहीतर साठीला टेकलेली बाई, सत्तरीचा आजोबा तिला सिस्टरच म्हणणार आणि वर अहो-जाहो करणार. कॉन्व्हेंटातल्या, लग्न न करता देवाला वाहून घेतलेल्या बाया, त्याही सिस्टर. चर्चमध्ये पाळक बोलायला उभा राहिला की समोर बसलेल्या झाडून साऱ्या बाया सिस्टर आणि त्यांचे नवरे ब्रदर. आता याचं नातं कुणी लावत बसू नये. कॉलेजातलं पोरगं मोटारसायकलवर मागं बसलेल्या पोरीची ओळख 'माझी सिस्टर आहे' अशी करून देतं, तेव्हा ऐकणारा गालातल्या गालात हसतो. एवढ्या सगळ्या सिस्टर. राहिली फक्त एक. आपल्या आधी आपल्याच आईच्या पोटी आलेली जी सख्खी बहीण, तिला तिच्या तोंडावर कुणी सिस्टर म्हणत नाही. तिला ताई म्हणतात, अक्का म्हणतात, बाई म्हणतात, भांडण झालं तर भवाने म्हणतात.

अब्राहाम साळवे मात्र म्हणायचा. आणि तेही मुद्दाम.

त्याची बहीण रोझी खरोखरच नर्स होती, म्हणून लोकांना त्यात काही वावगं वाटायचं नाही. चौतीस वर्षं तिची नोकरी एकाच ठिकाणी, भिंगारच्या रस्त्याला लागून असलेल्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात. तिथं झाडलोट करणाऱ्या बाईला मावशी म्हणायचं, स्ट्रेचर ढकलणाऱ्याला मामा म्हणायचं आणि नर्सला सिस्टर. सगळं गणगोत फुकट मिळायचं. चौतीस वर्षांत लाखभर माणसांनी तिला सिस्टर म्हणून हाक मारली असेल, आणि प्रत्येक हाकेला ती उठून गेली. तिला त्या शब्दाचा कधी कंटाळा आला नाही. पण भावाच्या तोंडून तो तिला ऐकवत नसे.

आई गेली तेव्हा रोझी अकरा वर्षांची होती आणि अबू पाच. देवळाली प्रवऱ्यात सॅमसन मास्तरांची ही दोन लेकरं. मास्तर शाळेत जायचे आणि रोझी अबूला काखेत मारून पाण्याला जायची, दळणाला जायची, चर्चला जायची. पाच वर्षांचं पोरगं काखेत मारतात का? पण तो उतरायचाच नाही. 'अक्का, पाणी. अक्का, भूक. अक्का, शी झाली.' दिवसभर नुसतं अक्का अक्का. शेजारची चांगुणा म्हणायची, "पोरी, तुझं नाव इसरलं का गं हे पोरगं?" रोझीनं पुढं लग्न केलं नाही. का केलं नाही म्हणून विचारलं तर ती म्हणायची, राहूनच गेलं. आणि ते खरंही होतं.

अशा अक्काची सिस्टर झाली ती करोनाच्या दुसऱ्या लाटेत.

सॅमसन मास्तरांना रोझीच्याच दवाखान्यात आणलं होतं. वय ब्याऐंशी. आत कुणाला सोडायचं नाही असा हुकूम होता. अबू तीन दिवस फाटकाशी उभा होता, एप्रिलच्या उन्हात. "अक्का, आपाला एकदा बघू दे. कसला तो किट घालून येतो. खिडकीतून बघतो अन् जातो." आता खरं सांगायचं तर बाकीच्या सिस्टर आपापल्या माणसांना किट चढवून मागच्या जिन्यानं आत नेत होत्या. सगळ्यांना ठाऊक होतं, कुणी बोलत नव्हतं. रोझीनं नेलं नाही. ती म्हणाली, "अबू, बाकीचे लोक पण फाटकावर उभे हायत. त्यांना काय सांगू?" तिसऱ्या दिवशी दुपारी मास्तर गेले. पिशवीत गुंडाळलेलं शरीर अबूला गाडीच्या काचेतून दिसलं, तेवढंच. आठ महिन्यांनी नाताळात रोझी करंज्यांचा डबा घेऊन देवळालीला गेली, तर अबू दारातच हात जोडून उभा. "या सिस्टर, बसा. ग्लोरिया, सिस्टर आल्यात. चहा ठेव."

पोरं हसली. ग्लोरिया, म्हणजे त्याची बायको, चहा ठेवायला आत वळली. रोझीनंही हसून घेतलं. राग आहे, जाईल, असं तिला वाटलं. पाच वर्षं झाली, गेला नाही. अबू भांडला नाही, की येऊ नका म्हणाला नाही. फोन केला तर उचलायचा, 'बोला सिस्टर' म्हणायचा. तिचं वाकडं काही केलं नाही त्यानं, फक्त त्या एका शब्दानं आणि अहो-जाहोनं तिला उंबऱ्याच्या बाहेर ठेवलं. शिवी दिली असती तरी तिला बरं वाटलं असतं. रोझीला त्याच्याकडून दुसरं काही नको होतं. त्यानं एकदा, मरणाच्या आधी एकदा, अक्का म्हणावं. आणि मरण म्हणताना तिच्या डोळ्यांपुढं स्वतःचंच मरण असायचं. ती सहा वर्षांनी मोठी ना.

तर परवाच्या मंगळवारी सकाळी नऊ वाजता मामांनी स्ट्रेचर आत आणलं आणि त्यावर अबू होता.

पोट फुगून नगारा झालेलं. आदल्या दिवसापासून उलट्या. देवळालीला त्याचं जळालेल्या पाण्याच्या मोटारींना नवी तार भरून देण्याचं दुकान, तिथं खाली बसला तो उठलाच नाही म्हणे. ग्लोरिया बरोबर होती, तिच्या पायात दोन वेगवेगळ्या चपला होत्या. सर्जननं पोट दाबून पाहिलं, फोटो पाहिले आणि सांगितलं की आतड्याला पीळ पडलाय, ऑपरेशन करावं लागेल. नाकातून नळी घातली, सलाईन लावलं आणि फाईलवर लिहिलं, तोंडाने काही द्यायचे नाही. हे वाक्य त्या वॉर्डात रोज लिहिलं जातं. ऑपरेशनच्या आधी पोटात पाणी गेलं, आणि भूल दिल्यावर ते उलटून फुप्फुसात शिरलं, तर माणूस टेबलावरच जातो. रोझीनं असा एक पोरगा तिच्या नोकरीच्या दुसऱ्या वर्षी गेलेला पाहिला होता. आईनं लपवून चहा पाजला होता त्याला. तेव्हापासून तिच्या वॉर्डात ज्याच्या फाईलवर ते वाक्य, त्याला पाण्याचा थेंब मिळत नसे. नातेवाईक पाया पडायचे, शिव्या द्यायचे, एकानं तर हात उगारला होता. ती ढळली नाही. नव्या पोरींना ती एकच धडा द्यायची की फाईलवरचं जोवर डॉक्टर स्वतः खोडत नाही, तोवर ते खरं. मग साक्षात तुमचा बाप कॉटवर असो.

अबूनं डोळे उघडून तिला पाहिलं आणि म्हणाला, "सिस्टर, पोटात लई दुखतंय."

"व्हय. इंजेक्शन देते," रोझी म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

अकरा वाजता हृदयाचे डॉक्टर येऊन गेले आणि सगळं फिसकटलं. अबूचं हृदय आधीच कमजोर होतं, त्यानं कुणाला सांगितलंच नव्हतं, गोळ्याही मधेच बंद केल्या होत्या शहाण्यानं. भूल देणारे म्हणाले, हा टेबलावरून उठणार नाही. पुण्याला न्यावं तर वाटेतल्या सुप्याच्या पुढं जाईल याची खात्री नाही. दोन वाजता सर्जननं ग्लोरियाला बाजूला घेऊन सांगितलं, मग रोझीकडं वळून हळू आवाजात म्हणाला, "सिस्टर, आता करण्यासारखं काही नाही. दुखणार नाही एवढं बघा." आणि दुसऱ्या ऑपरेशनला वर निघून गेला. फाईल तशीच राहिली. त्यावरचं ते वाक्य त्यानं खोडलं नाही, विसरला असेल. घाईत होता.

रोझीनं ते पाहिलं. ते खोडलेलं नाही हे पाहून, आता काय म्हणावं या बाईला, तिला आत कुठंतरी धीर आला. तिला सगळं कळत होतं. असे शेकड्यानं पेशंट तिच्या हाताखालून गेले होते, ओठांचा रंग बघून ती वेळ सांगायची. पण ते वाक्य फाईलवर आहे, म्हणजे ऑपरेशनची तयारी अजून मोडलेली नाही, म्हणजे डॉक्टरांचं मन फिरू शकतं, असं तिनं धरून ठेवलं. पाणी दिलं की संपलं. पाणी देणं म्हणजे अबू चालला हे आपल्या हातानं कबूल करणं. तिची जीभ ते बोलायला तयार नव्हती, मग हात कसा होईल?

तीन वाजता ग्लोरियाला चक्कर यायला लागली. पुण्याहून मुलगा निघाला होता, तो माळीवाड्याच्या स्टँडवर उतरणार होता. जया नावाची नवी सिस्टर ग्लोरियाला खाली चहाला घेऊन गेली. रोझीनं कॉटला पडदा लावला आणि स्टूल ओढून बसली. चौतीस वर्षांत ड्युटीवर पेशंटच्या कॉटशी ती बसलेली कुणी पाहिली नव्हती. ओल्या कापसानं तिनं त्याचे ओठ पुसले. तेवढं चालतं.

अबूनं तो कापूस ओठांत धरला आणि चोखायला लागला. तिनं तो हळूच काढून घेतला.

"अक्का," तो म्हणाला.

रोझीला वाटलं, आपल्याला भास झाला.

"अक्का, पानी दे."

पाच वर्षं! पाच वर्षं ज्या शब्दासाठी ती नाताळाला, ईस्टरला, बारशाला, आजारपणाला उठून देवळालीला गेली, अपमान गिळत चहा पिऊन आली, तो शब्द आला, आणि एकटा आला नाही, मागणं घेऊन आला. तिच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं. तिनं त्याचा हात दोन्ही हातांत धरला. "अबू, माझ्या राजा, काय म्हणला? पुन्हा म्हण."

"घोटभर दे गं अक्का. घसा जळतोय. लई जळतोय."

तिवईवर तांब्या होता, ग्लोरियानं आणलेला, भरलेला. हात लांब करायचा अवकाश होता. कुणी बघत नव्हतं, पडदा लावलेला होता, आणि बघितलं असतं तरी कोण बोलणार होतं? कुठलीही बहीण असती तर तिनं तांब्या उचलला असता. देवळालीतली कुठलीही अडाणी बाई असती तरी उचलला असता. रोझीची नजर तांब्यावर गेली आणि तिथून कॉटच्या पायथ्याशी लटकणाऱ्या फाईलवर गेली. एवढाच उशीर झाला. पण तेवढ्यात ती चौतीस वर्षं तिच्या अंगात उभी राहिली.

"थांब हां अबू. एक मिनिट थांब. विचारून येते."

त्यानं तिच्याकडं पाहिलं.

रोझीनं आधी फोन लावला. ऑपरेशन थिएटरमधल्या पोरानं उचलला आणि म्हणाला, डॉक्टर आत आहेत, देता येणार नाही. ती जिना चढून वर गेली. तिचे गुडघे गेली दोन वर्षं दुखत होते, पण ती भराभर चढली, तोंडानं पुटपुटत, की म्हणाला गं बाई, म्हणाला, अक्का म्हणाला. तिला हसू येत होतं आणि रडूही. वर थिएटरच्या दाराशी तिला थांबवलं. आतल्या पेशंटचं रक्त थांबत नव्हतं. ती दारात उभी राहिली, पाच मिनिटं, दहा मिनिटं. निरोप आत गेला, बाहेर आला नाही. पुन्हा पाठवला. तिला वाटलं, परत जावं, सरळ जाऊन पाजावं. आणि वाटलं, इतकं थांबले, आता येतीलच डॉक्टर. शेवटी मास्क खाली ओढून डॉक्टर दारात आला, घामानं निथळत.

"काय झालं सिस्टर? गेले का?"

"नाही सर. पाणी मागतोय. फाईलवर..."

डॉक्टर तिच्याकडं बघतच राहिला. "अहो, द्या की! आता काय राहिलंय त्यांचं? हे विचारायला तुम्ही वर आलात? तुमचे भाऊ ना ते?"

"लिहून..."

"लिहितो नंतर. जा, द्या त्यांना."

खाली आली तेव्हा वॉर्डातल्या घड्याळात पावणेचार वाजत होते. एक मिनिट म्हणून गेलेली बाई अर्ध्या तासानं आली होती. अबू तसाच पडून होता, डोळे उघडे, दाराकडं लागलेले. श्वास वरवर चालला होता. तिनं तांब्यातलं पाणी वाटीत ओतलं, चमचा घेतला, त्याच्या मानेखाली हात घातला. "घे अबू, घे माझ्या बाळा. पाणी घे."

अबूनं चमच्याकडं पाहिलं. मग तिच्याकडं.

"परवानगी मिळाली?" त्यानं विचारलं.

रोझीनं होय म्हणून मान हलवली.

अबूनं तोंड भिंतीकडं वळवलं. तेवढं वळवायला त्याला फार वेळ लागला. "राहू द्या सिस्टर," तो म्हणाला.

ती किती बोलली, किती विनवलं. अबू, माझं चुकलं. अबू, मी भवानी, मला शिवी दे, पण घोट घे. आपासाठी पण चुकलं माझं, फाटकावर चुकलं. चमचा त्याच्या ओठांना लावला तर पाणी गालावरून उशीवर गेलं. त्यानं ओठ घट्ट मिटले होते. नंतर ते मिटलेले राहण्याचं कारण बदललं आणि रोझीला ते सवयीनं कळलं. तिनं नाडी पाहिली, वेळ पाहिली. चार वाजून दहा मिनिटं. मग तिनं तोंड पदरात घालून मोठ्यानं गळा काढला, आणि पडद्यापलीकडच्या कॉटवरची बाई घाबरून म्हणाली, "सिस्टर, काय झालं हो सिस्टर?"

ग्लोरिया धावत आली. तिनं नवऱ्याच्या छातीवर डोकं आपटून घेतलं, मग उठून रोझीच्या गळ्यात पडली. आपण ख्रिस्ती माणसं तुळस-गंगाजळ काही मानत नाही, पाळक तर त्यावर चिडतो. पण शेवटचं पाणी कुणाच्या हातचं मिळालं, हे मात्र आमच्याकडं विचारतातच. कुणी शिकवलेलं नाही, आहे आपलं.

"अक्का, काय बोलले का हो? तुम्हाला हाक मारली का?"

"मारली," रोझी म्हणाली. "अक्का म्हणाला."

"देवा, तुझे उपकार! आणि पाणी? पाणी मागत होते सकाळपास्नं. मागितलं का?"

"मागितलं."

"दिलंत ना तुम्ही?"

ग्लोरियाचे डोळे सुजलेले होते. तिच्या पायात अजून त्याच दोन वेगळ्या चपला होत्या. सकाळपासून या बाईच्या पदरात एकही चांगली गोष्ट पडली नव्हती. आणि रोझी, जी चौतीस वर्षांत एकाही नातेवाइकाशी खोटं बोलली नव्हती, ती म्हणाली, "दिलं."

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता देवळाली प्रवऱ्याच्या ख्रिस्ती दफनभूमीत सगळा गाव जमला होता. तोवर ती बातमी घरोघर गेली होती. ग्लोरियानं येईल त्याला सांगितलं होतं, रडतही आणि थोड्या समाधानानंही, की शेवटी भाऊबहीण एक झाले, अक्कांच्या हातचं पाणी पिऊन गेले. पाळकानं खड्ड्याशी उभं राहून तेच सांगितलं. "आपली सिस्टर रोझी हिनं आयुष्यभर परक्यांना पाणी पाजलं, आणि प्रभूनं तिला तिच्या भावालाही पाजायची संधी दिली." बाया मुसमुसायला लागल्या. रोझी खाली बघत उभी होती. मूठभर माती टाकायला ती वाकली, तेव्हा शेजारी उभ्या असलेल्या भाच्यानं, अबूच्या पोरानं, तिला धरलं.

मग एकेक बाई तिच्यापाशी यायला लागली. सगळ्यात शेवटी चांगुणा आली, काठी टेकत, पंचाऐंशीची. तिनं रोझीचा उजवा हात घेतला आणि आपल्या कपाळाला लावला. "ह्या हातानं ल्हानाचा मोठा केला, अन् ह्याच हातानं शेवटचं पानी पाजलं. पोरी, लई भाग्याचा हात हाय तुझा."

रोझीला तो हात सोडवून घ्यायचा होता, पण म्हातारीची पकड घट्ट होती.

"न्हाई पाजलं मावशी," ती म्हणाली. "मागत होता तो. मी विचारायला गेल्ते."

"काय म्हनती?" चांगुणानं ग्लोरियाकडं बघितलं.

ग्लोरियानं रोझीच्या खांद्याभोवती हात टाकला. "काही नाही हो मावशी, दमल्यात त्या. कालपास्नं पोटात काही नाही, झोप नाही. मघाशी घरीपण असंच काहीतरी बोलत होत्या. दुःखात माणसाला सुचत नाही." मग तिनं पोराला हाक मारून जारमधून पेला भरून आणवला आणि रोझीच्या हातात दिला. "अक्का, घ्या बरं थोडं. घ्या माझ्यासाठी."

रोझी काहीतरी बोलायला गेली. पण तिचा घसा कोरडा पडला होता, ऊन चढलं होतं आणि काल सकाळपासून तिनं खरोखरच काही घेतलं नव्हतं. तिनं पेला तोंडाला लावला आणि सगळा पिऊन टाकला.